लोणावळ्याचे व्हिक्टोरियन बंगले आणि मागचे दार

मागच्या पावसाळ्यात आम्ही पंधरा-वीस कार्यकर्ते कार्ल्याची लेणी पाहायला गेलो होतो. परतताना लोणावळ्यात एका जुन्या बंगल्यावर थांबलो. बंगला व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. आता तिथे शनिवार-रविवारी पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतात. दाखवणारे गृहस्थ मोठ्या उत्साहाने एकेक गोष्ट सांगत होते. घोडागाडी थेट आत यावी म्हणून बांधलेला पोर्च, काळ्या दगडाचे जोते, सागवानी जिना, पागोळ्यांखाली लाकडात कोरलेली झालर. आम्हीही कौतुकाने बघत होतो, कारण काम खरोखरच देखणे होते. तेवढ्यात आमच्यातल्या एका मुलीने विचारले, "प्रत्येक न्हाणीघराला बाहेरून वेगळे दार कशाला?" गृहस्थ म्हणाले, "ते जुनं आहे, नोकरांसाठी होतं," आणि पुढच्या खोलीकडे वळले. मागे उभा असलेला म्हातारा राखणदार मात्र हळूच बोलला, "नोकरांचं नाही, ताई. मेहतराचं दार आहे ते."

हा लेख त्या एका दाराबद्दल आहे.

गेल्या काही वर्षांत 'हेरिटेज' हा शब्द फार प्रतिष्ठित झाला आहे. जुन्या बंगल्यांवर लेख येतात, फोटोंची पुस्तके निघतात, हेरिटेज वॉक होतात. त्यात वास्तुशैलीचे वर्णन असते, मालकाचे घराणे असते, कोणता गव्हर्नर चहाला आला होता ते असते. मागच्या दाराचा उल्लेख आमच्या तरी पाहण्यात आलेला नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की घर हा पुरावा असतो. कागद खोटे बोलतो, दरबारी इतिहासकार खोटे बोलतो, पण भिंत कुठे उभी केली आणि दार कुठे ठेवले यात बांधणाऱ्याच्या मनातली समाजरचना जशीच्या तशी उतरते. त्यामुळे हे बंगले आपण वाचायला शिकले पाहिजे, आणि ते मागच्या बाजूने वाचायला शिकले पाहिजे.

आधी एका थापेचा समाचार घेऊ. पर्यटनाच्या पत्रकांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या फिरते आहे की लोणावळ्याचा शोध १८७१ साली गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी लावला. मुंबई इलाख्याला एल्फिन्स्टन नावाचे दोन गव्हर्नर मिळाले. पहिले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्ये पदावरून गेले आणि १८५९ मध्ये वारले. दुसरे लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन १८६० मध्ये पदावरून गेले आणि त्याच वर्षी वारले. म्हणजे १८७१ साली शोध लावायला दोघांपैकी एकही जिवंत नव्हता! शिवाय खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ मध्येच सुरू झाली होती आणि घाटातून पूर्ण मार्ग २१ एप्रिल १८६३ ला खुला झाला होता. गाडी पोहोचल्यावर आठ वर्षांनी गावाचा 'शोध' लागतो, हा चमत्कारच म्हणायचा. आणि ज्या डोंगरांत कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी दोन हजार वर्षांपासून उभी आहेत, ज्या गावाचे नावच लेण्यांच्या ओळीवरून पडले असे सांगतात, ते मावळ कुणी साहेबाने शोधावे लागते? माणसे होती, वस्त्या होत्या, महारवाडे होते. साहेबाच्या नजरेला ती माणसे दिसली नाहीत आणि आजच्या पत्रकालाही दिसत नाहीत.

हे बंगले उभे राहिले ते रेल्वेमुळे. रेल्वेआधी मुंबईचा धनिक घाट चढून इथे उन्हाळा घालवायला येणे सोपे नव्हते. रेल्वेने ते काही तासांवर आणले आणि मग इंग्रज अधिकारी, पारशी, गुजराती, बोहरी शेठ यांचे बंगले खंडाळा-लोणावळ्याच्या टेकड्यांवर दिसू लागले. पण रेल्वे कुणी चढवली? बोरघाटाचा चढ सुमारे १५ मैलांचा, उंची १,८३१ फूट, बोगदे २५. १८६१ साली या कामावर ४२ हजारांहून अधिक मजूर होते. पटकीने, तापाने, सुरुंगाने आणि दरडीखाली त्यांतले हजारो मेले. १८५९ च्या सुरुवातीला मजुरी मिळत नाही म्हणून मजुरांनी दंगाही केला होता. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि पुढचे काम त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने पूर्ण करवून घेतले, हे इतिहासात नोंदलेले आहे. ते नोंदले गेले याचे आम्हाला दुःख नाही. पण त्या ४२ हजारांपैकी किती जणांची नावे तुम्हाला माहीत आहेत? दगड फोडणारे वडार, पाट्या वाहणाऱ्या बायका, गावोगावचे महार-मांग, दुष्काळाने देशोधडीला लागलेले कुणबी. त्यांचा इतिहास म्हणजे फक्त एक आकडा.

घाटातल्या अमृतांजन पुलाचेच घ्या. १८३० साली बांधलेला हा दगडी पूल एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, सुरुंग लावून पाडला. तेव्हा त्याच्यावर हळहळीचे लेख आले. बांधकाम करवून घेणाऱ्या कॅप्टन ह्यूजचे नाव सगळीकडे छापून आले. त्या कमानींचे दगड ज्यांनी घडवले त्यांच्याबद्दल एक ओळही आमच्या वाचनात आली नाही.

आता बंगल्याच्या आत येऊ. या घरांची बांधणी हुशारीने केलेली आहे हे मान्य करायलाच हवे. इथे पाऊस कोकणाला लाजवेल असा पडतो, म्हणून छप्पर तीव्र उताराचे. १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती सपाट लाल कौले रेल्वेने आणि गलबतांनी सगळीकडे पोहोचली. जोते उंच, कारण जमीन चार महिने ओली. भिंती जाड, काळ्या दगडाच्या, घाणीत मळलेल्या चुन्याच्या. भोवती रुंद व्हरांडा, म्हणजे पावसाचा मारा भिंतीवर येत नाही आणि उन्हाळ्यात आतली खोली गार राहते. ओतीव लोखंडाचे कठडे, रंगीत काचेची तावदाने, टोकदार त्रिकोणी छपरे ही इंग्लंडची हौस. म्हणजे डोके विलायतेचे, हातपाय इथल्या मातीचे.

आणि मांडणी? पुढे पोर्च, मग व्हरांडा, मध्ये दिवाणखाना, दोन्ही बाजूंना झोपायच्या खोल्या. प्रत्येक खोलीमागे न्हाणीघर. तेव्हा पाण्याचे संडास नव्हते. लाकडी पेटीत भांडे ठेवलेले असे आणि ते भांडे उचलून नेण्यासाठी न्हाणीघराला बाहेरून दार. मेहतर बंगल्याला वळसा घालून मागून यायचा, घरातल्या कुणाच्या नजरेला न पडता दार उघडायचा, मैला डोक्यावर घ्यायचा आणि तसाच मागून निघून जायचा. स्वयंपाकघर मुख्य घरापासून तुटक, छपराच्या बोळाने जोडलेले. सगळ्यात शेवटी आवाराच्या टोकाला नोकरांच्या खोल्या, आणि त्यांतही कोण कुठे राहणार हे जातीने ठरलेले.

कुणी म्हणेल, "तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता. इंग्लंडातल्या घरांतही नोकरांचा जिना वेगळाच असे, नोकर तळघरात काम करत." बरोबर आहे. व्हिक्टोरियन इंग्लंड काही समतेचे राज्य नव्हते. पण तिथला वेगळा जिना वर्गाचा होता. तिथली मोलकरीण मालकाचे अन्न हाताळत होती, त्याचे अंथरूण घालत होती, आणि तिची मुलगी गिरणीत गेली, दुकानात गेली तर धर्मशास्त्र तिच्या आड येत नव्हते. इथले मागचे दार जन्माचे आहे. त्या दारातून जो येई त्याचा बाप त्याच दारातून येत असे आणि मुलगाही त्याच दारातून येणार होता. स्वयंपाकी कितीही गरीब असला तरी त्या दाराला हात लावत नसे. इंग्रजाने हे दार स्वतःच्या देशातून आणलेले नाही. पुण्यातल्या जुन्या वाड्यांत मागच्या बोळात टोपलीचे संडास होते, मुंबईच्या चाळींमध्ये हाऊस गल्ल्या होत्या, त्याच पंगतीत हे दार बसते. साहेबाने इथली व्यवस्था पाहिली, ती सोयीची वाटली आणि त्याने ती नकाशात बसवून टाकली. पुढे देशी शेठ मालक झाले तेव्हा त्यांनाही दार बदलावेसे वाटले नाही. म्हणून आम्ही म्हणतो की या घरांचा दर्शनी भाग व्हिक्टोरियाचा असला तरी मागचा नकाशा मनूचाच आहे.

घराच्या दारात कोण येऊ शकतो हा प्रश्न बाबासाहेबांच्या आयुष्यात किती वेळा आला ते आठवा. १९१७ साली परदेशात शिकून ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि जात कळल्यावर काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस संध्याकाळी बागेतल्या झाडाखाली बसून रडला. पुढे दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत काढला. मग दादरला 'राजगृह' बांधले ते पुस्तकांसाठी. ज्याला कुणाच्याही दारात जागा नव्हती त्याने स्वतःचे घर बांधले आणि त्या घरात सर्वांत मोठी जागा ग्रंथांना दिली. वास्तुकलेचा याहून मोठा धडा आम्हाला कुठल्या बंगल्यात मिळालेला नाही.

गंमत पाहा, बाबासाहेबांच्या चरित्रातही एक व्हिक्टोरियन घर आहे. लंडनच्या प्रिमरोझ हिल भागात, १० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना ते तिथे राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतले आणि स्मारक केले. पुढे तिथल्या नगर परिषदेने संग्रहालयाला परवानगी नाकारली, प्रकरण चौकशीपर्यंत गेले आणि २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्याने परवानगी दिली. तिथे वाद झाला तो कागदावर. घराच्या मूळ स्वरूपाला धक्का लागतो का, शेजाऱ्यांना त्रास होतो का, या घराचे महत्त्व किती, प्रत्येक मुद्दा लेखी मांडला गेला आणि तपासला गेला. त्या तपासणीत शेवटी एका भारतीय विद्यार्थ्याच्या वास्तव्याचे पारडे जड ठरले. आपल्या मावळात एखाद्या जुन्या घराचे महत्त्व ठरवताना अशी तपासणी होते का? आणि झालीच, तर मागच्या दाराची बाजू कोण मांडणार?

आपल्यातले काही मित्र म्हणतात, "पडू द्या ते बंगले! आपल्याला त्यांचे काय? गुलामीच्या खुणा कशाला जपायच्या?" त्यांचा संताप आम्हाला कळतो, पण हे म्हणणे आम्हाला पटत नाही. एक तर बंगला पडला म्हणून व्यवस्था पडत नाही. त्याच जागेवर पोहण्याच्या तलावाचा व्हिला उभा राहतो आणि जाहिरातीत लिहिलेले असते, 'ड्रायव्हर आणि नोकरांची सोय वेगळी.' शहरातल्या टॉवरमध्ये मोलकरणीला वेगळी लिफ्ट असते. दाराचे नाव बदलते, दार राहते. दुसरे म्हणजे, बंगल्याबरोबर पुरावाही जातो. उद्या कुणी म्हणाला की असे काही नव्हतेच, सगळे गुण्यागोविंदाने राहत होते, तर आपण काय दाखवणार? डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये पुन्हा अधिक कडक कायदा करावा लागला, आणि तरीही गटारात गुदमरून सफाई कामगार मरतातच. जो समाज हे अजून थांबवू शकला नाही, तो उद्या हे विसरायला फार वेळ लावणार नाही. म्हणून आमची मागणी पाडण्याचीही नाही आणि पूजेचीही नाही. मागणी आहे पूर्ण नोंदीची.

आणि पूर्ण नोंद कशी असते हे पाहायला लंडनला जायची गरज नाही. त्या बंगल्यापासून काही किलोमीटरवर कार्ल्याचा चैत्य आहे. सुमारे १२४ फूट लांब, भारतातल्या कोरीव चैत्यांत सर्वांत मोठा. त्याच्या छताला लावलेल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतर आजही जागेवर आहेत. सव्वाशे-दीडशे वर्षांच्या सागवानी जिन्याचे कौतुक करणाऱ्यांनी एकदा मान वर करून त्या बघाव्यात. पण त्याहून मोठी गोष्ट भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेली आहे. तिथे वैजयंतीच्या श्रेष्ठी भूतपालाचे नाव आहे, तसेच धेनुकाकटच्या यवनांची नावे आहेत. धेनुकाकटच्याच सिंहदत्त नावाच्या गंध विकणाऱ्याने दाराचे दान दिल्याची नोंद आहे. आणि ते दार ज्याने घडवले त्या सुताराचे नावही आहे. सामी, वेणुवासाचा मुलगा, राहणार धेनुकाकट. शिलालेखात दाराला 'घरमुख' म्हटले आहे.

मित्रांनो, यावर क्षणभर थांबा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध वास्तूत दार देणाऱ्याचे नाव आहे आणि दार करणाऱ्या कारागिराचेही नाव आहे, बापाच्या नावासकट, गावाच्या नावासकट. आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या बंगल्यात दारावर पाटी आहे ती फक्त मालकाची. ज्याने दार घडवले तो निनावी, आणि ज्याला मागच्या दारातून यावे लागले तो तर अस्तित्वातच नाही. एकाच तालुक्यातल्या या दोन वास्तू म्हणजे दोन समाजरचना आहेत. एकीत श्रमाला नाव आहे, दुसरीत श्रमाला फक्त मागचा रस्ता. बुद्धाच्या आणि मनूच्या विचारातला फरक कुणाला पुस्तकातून कळत नसेल तर त्याला कार्ल्यापासून लोणावळ्यापर्यंत चालवत न्यावे.

मावळ ही आपल्यासाठी परकी भूमी नाही. तळेगाव दाभाड्याला बाबासाहेबांचा बंगला होता. जवळच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने बुद्धमूर्तीची स्थापना केली, धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. आपण दरवर्षी तिथे जातो, वंदना करतो, ते योग्यच आहे. पण आपलीही एक चूक कबूल केली पाहिजे. बाबासाहेबांचे पाऊल जिथे पडले तेवढ्याच वास्तू आपण आपल्या मानल्या. आपल्या आज्या-पणज्यांचे पाऊल जिथे रोज पडत होते, मागच्या दाराने, त्या वास्तूंकडे आपण पाठ फिरवली. लाज वाटली म्हणून फिरवली असेल. पण लाज त्या दारातून आत येणाऱ्याने का वाटून घ्यायची? लाज दार बांधणाऱ्याची आहे.

तेव्हा मावळातल्या तरुण कार्यकर्त्यांपुढे आम्ही काही कामे ठेवतो. मोर्चापेक्षा ती कंटाळवाणी आहेत, पण कुणी तरी करायलाच हवीत.

पहिले काम, जुन्या बंगल्यांचे मागच्या बाजूने फोटो आणि मोजमाप. न्हाणीघराचे दार, नोकरांच्या खोल्या, विहीर, बोळ. परवानगी घेऊन, सभ्यपणे. आपल्यात वास्तुशास्त्र शिकणारी मुले-मुली आता कमी नाहीत. त्यांनी एकेक बंगल्याचा नकाशा काढावा.

दुसरे काम, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेणे. ज्यांनी या बंगल्यांवर माळी, राखणदार, सफाई कामगार म्हणून आयुष्य काढले ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आमचा तो राखणदार एका वाक्यात जे बोलून गेला ते कुठल्याही हेरिटेजच्या पुस्तकात सापडायचे नाही. आणि आठवणी घेताना हेही विचारा की पिढ्यान्‌पिढ्या ज्या खोलीत राहता ती तुमच्या नावावर आहे का. बंगला विकला जाईल त्या दिवशी हे कुटुंब कुठे जाणार?

तिसरे काम, जमिनीचे कागद. सातबारा आणि जुने फेरफार काढा. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली आणि त्या जमिनी वतनदारांना परत देताना विक्रीवर बंधन घातले गेले. मावळात जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर अशा जमिनींचे पुढे काय झाले, आज त्यांच्यावर काय उभे आहे, हे कागदावरूनच कळेल. अफवेवर आरोप करू नका. कागद मिळाला तर मात्र गप्प बसू नका.

चौथे काम, नगर परिषदेकडे लेखी मागणी. वारसा म्हणून एखाद्या घराची नोंद होणार असेल तर त्या नोंदीत शैली आणि मालक यांच्याबरोबर बांधणाऱ्यांची, राबणाऱ्यांची आणि मागच्या दाराचीही नोंद झाली पाहिजे. आणि पाटी लागणार असेल तर तीवर हेही लिहिले पाहिजे.

निघताना आम्ही त्या बंगल्याच्या मागच्या बाजूला गेलो. त्या दाराला आता बाहेरून कुलूप आहे, पायरीवर शेवाळ साचले आहे. आमच्यातल्या त्या मुलीने त्या पायरीवर उभे राहून फोटो काढून घेतला. कुणी म्हणाले, "पोर्चमध्ये काढ की, चांगला येईल." ती म्हणाली, "पोर्चमधला सगळेच काढतात. माझी पणजी असल्याच दाराने जायची." ती मुलगी आज वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. पहिला नकाशा तिनेच काढायला घेतला आहे. दुसरा कोण काढणार?

जय भीम!